नावं ठेवणं

संपादकाला सोमवारपर्यंत मजकूर हवा
आणि खाली, पाचपैकी किती, ते तारे.

तर: 'मागची रांग', सीझन चौथा, तेरा भाग,
डुलुथच्या स्थानिक वाहिनीवर शुक्रवारी रात्री अकराला,
सरोवरावरचा वारा खिडक्यांना शिट्ट्या शिकवत असतो तेव्हा.
मांडणी तीच. बंद पडलेला बोलिंग क्लब, भिकार सिनेमा,
पडद्याच्या तळाशी तीन पाठमोरी डोकी:
गस लिंडग्रेन, टवाळखोरांचा मुकुटमणी;
डेलफीन ओकाफोर, जी दहा मिनिटं गप्प बसते
आणि एका शब्दात दिग्दर्शकाचं दुकान बंद करते;
आणि नवा पोरगा, टोबायस,
जो विनोद करून झाल्यावर तो समजावून सांगतो.

पहिले तीन भाग ओढूनताणून.
चौथ्यात भट्टी जमली. मंगळावरच्या मधमाश्या;
मंगळ म्हणजे कुणाच्या तरी मामाची खडीची खाण,
मागून ट्रक जातो, आणि गस म्हणतो,
"बघा, मंगळावरसुद्धा दूध वेळेवर येतं."
पोट धरून हसले. मांजर उठून गेलं.
सहावा टाळा.
नवव्यात नायकाचा टोप:
"भाडेकरू आहे," डेलफीन म्हणाली, "डोक्याशी पटत नाही त्याचं."

अकरावा भाग.
'तळातून आलेलं', एकोणीसशे सदुसष्ट, कृष्णधवल,
दिग्दर्शक थोरवाल्ड एकमन, एरवी विमा विकणारे.
गोठलेलं सरोवर फोडून एक जनावर वर येतं:
कॅनव्हास, सरस, माशांचं जाळं,
आणि गळ्यापासून ढोपरापर्यंत, समोरच, लखलखीत चेन.
"साहेब," गस म्हणाला, "आपली चेन दिसतेय."
"शिंप्याचे पैसे बुडवलेत," डेलफीन म्हणाली, "त्यानं सूड उगवलाय."
टोबायसनं समजावलं.

मी हसले नाही, असं लिहिणं शोभून दिसलं असतं.
हसले. आधी हसलेच.
मग तो टाका ओळखीचा वाटला.

शिंपी नव्हता. आई होती माझी, इंगा.
दिवसा शिडांच्या कारखान्यात,
रात्री स्वयंपाकघराच्या टेबलावर तो राक्षस उताणा;
त्याच्या मांडीवर ताटल्या ठेवून आम्ही जेवायचो.
चेन आधी पाठीलाच होती. नीट, झाकलेली.
आत माझा भाऊ रोल्फ, वय अकरा, दिवसाला दोन डॉलर.
पहिल्याच दिवशी आत त्याचा जीव घुसमटला,
हात पाठीपर्यंत पोचेना,
बर्फावर गडबडा लोळला,
आणि एकमन ओरडले, वा! असंच! अजून!

त्या रात्री आईनं चेन उसवून पुढे आणली.
आतून ओढता यावी म्हणून तिला
माझ्या फ्रॉकची नाडी बांधली, निळी.
एकमन म्हणाले, बाई, चेन दिसेल.
आई म्हणाली, दिसू दे.

शेवटच्या पाट्या मी तीनदा थांबवून वाचल्या.
विमा कंपनीचं नाव दोनदा आहे.
गाडी उसनी देणाऱ्याचं आहे, कुत्र्याचंही आहे.
दीड तास तिघं नावं ठेवत होते,
आणि ठेवायला हवं होतं ते एक नाव
सिनेमावाल्यांनीच ठेवलं नव्हतं.

रोल्फला फोन केला. तो आता टूसॉनला असतो,
जिथे बर्फ फक्त ग्लासात असतो.
"दिसली का चेन?"
दिसली.
"हसले?"
खूप.
"मग बरं," तो म्हणाला, आणि जरा वेळानं,
"मी लिफ्टमध्ये अजून जात नाही."

बारावा भाग ठीक. तेराव्यात गाणी फार.

विनोद चुकीचा नव्हता, हेही नोंदवते;
चेन दिसतेच.
पाचपैकी साडेतीन तारे.
अर्धा टोबायसचा कापलाय.
त्याला सांगा, सगळंच समजावायचं नसतं,
आणि हे मी सगळं समजावून झाल्यावर लिहितेय.