तोळा

सीपीआर, अपघात विभाग, पहाटेचे पावणेतीन.
मळमळ, दोन उलट्या, बीपी ठीक.
"काही औषध घेतलंत?"
"न्हाई ओ. दाढंची गोळी तेवढी."

तेवढी.
या एका शब्दावर किती केसपेपर मिटले असतील
आणि माणसं घरी गेली असतील.

बाळगोंडा नेजे, हुपरी, वय एक्केचाळीस.
उजवा गाल सुजलेला.
वीस वर्षं याच गालानं फुंकणी फुंकत
पैंजणांच्या कड्या जोडतोय तो.
लग्नसराईचा माल निघायचा होता,
दाताच्या डॉक्टरला गुरुवार सांगितलेला.

मी परत विचारते. कुठली गोळी? कुणी दिली?
राजमती, त्याची बायको,
पिशवीच उलटी करते स्ट्रेचरवर:
पांढरी पट्टी मेडिकलमधली,
निळी शेजारच्यांची, तापावरची,
लाल अंगदुखीची, कारखान्यातल्या पोरानं दिलेली,
सर्दीची एक, कारण नाकही गळत होतं.

मी पट्ट्या पालथ्या करते.
चंदेरी कागदावर मुंगीएवढी अक्षरं,
मोबाईलचा उजेड धरावा लागतो.
पॅरासिटामॉल.
पॅरासिटामॉल.
इथं दुसऱ्या औषधाच्या आडोशाला, पॅरासिटामॉल.
रिकामे कप्पे मोजते, मनातल्या मनात.
राजमती माझं तोंड बघते.

"पण सगळ्या येगयेगळ्या हाईत की."

"मालक, पैंजण, जोडवी, करंडा,
मुशीत टाकलं तर काय निघतं?"

तो गप्प.
मग हलकेच, "किती भरलं?"
काल दुपारपासूनची बेरीज मी पुन्हा करते.
अकरा ग्रॅम, वर थोडं.
"तोळा," तो म्हणतो.
अंगठा आणि बोट जवळ येतात,
चिमटीत नसलेला तुकडा तोलत.
"तोळाभर खाल्लं म्या."

रक्त लॅबला जातं.
उतारा सलाईनमध्ये सोडताना
सडक्या अंड्याचा वास सुटतो;
राजमती पदर नाकाला लावते,
त्यांच्या घरात अंडं कधी आलेलं नाही.
यकृत आज काही बोलणार नाही.
ते थांबतं दोन दिवस,
भिडस्त सावकारासारखं,
आणि मग दारात येतं ते सगळं मागायलाच.
आपण आधी पोचलो असू.
असू, असं मी लिहीत नाही. वेळ लिहिते: तीन वाजून वीस.

"दाढंचं काय मग?" तो विचारतो.
ठणका तसाच आहे, कुणी विचारलंच नव्हतं त्याला.

पडद्यापलीकडे नवा माणूस. ताप, अंगदुखी.
"न्हाई, औषध काय न्हाई."
मी म्हणते, पिशवी बघू.