रकाना चौथा

आमच्या संस्थेचं ऑफिस म्हणजे सायकल दुकानामागची खोली.
आमच्या सगळ्या अर्जांना पंक्चरच्या सोल्युशनचा वास येतो.
तहसीलमधला बाबू नुसता हुंगतो, म्हणतो,
आले का बंगाली कॅम्पवाले.
मी सिंदेवाहीची. आधी सांगायची त्याला.
चौदा वर्षं झाली, आता खुलासा करत नाही.

रकाना चौथा : मूळ गाव.
हरिदासी मिस्त्री विचारते, कोणतं लिहू?
आईला आठवायचं ते, की बाप ज्याचं नाव घेऊ द्यायचा नाही ते,
की माना कॅम्पातला तंबू,
ज्याला नंबर होता, नाव नव्हतं?
तिची मराठी आठवडी बाजारातली,
वांग्याच्या भावावर घासून गुळगुळीत झालेली.
फक्त नदी म्हणताना ती परकी होते.
हात वर करून दाखवते,
जशी काही गोठ्याच्या पलीकडेच वाहते आहे.

मग आम्ही शेजारच्या गावात कार्यक्रम घेतला.
शाळेच्या वऱ्हांड्यात बॅनर : आपले शेजारी, एक ओळक.
पेंटरनं ख चा क केला, पैसे मात्र पूर्ण घेतले.
सरपंच दहा मिनिटं बसले, नारळ घेऊन गेले.
हरिदासीची नात शेफाली, नववीतली, कागदावरून वाचत होती,
एकोणीसशे चौसष्टपर्यंत आली
आणि लाइन गेली.

अंधारात खुर्च्या सरकल्या. चपला शोधल्या गेल्या.
कोणीतरी विचारलं, तुमी मासोळीत खरंच मोहरी वाटून टाकता का जी?
कोणीतरी हसलं.
उरलो आम्ही अकरा जण आणि चहाचं भगोणं.

तेव्हा जंगोबाई नैताम बोलली. ती जेवण आहे ऐकून आली होती.
"मी एवढुशी होती. ट्रक आले.
आमी पळसामागं लपून पायलं.
माणसं उतरली तं सगळ्याईच्या हातात बोचकी,
एकीच्या हातात नुसतं कुलूप.
घर नाही, दार नाही, अन् कुलूप!
अन् चार नंबरचा कॅम्प बसला नं, तिथं आमचे मोह होते.
सतरा. बापानं मोजले होते.
कोणी इचारलं नाही. तुमाले नाही, आमाले नाही."

माझ्या पिशवीत पन्नास फॉर्म होते.
सतरा मोहांसाठी त्यांत रकाना नव्हता.
मी काहीतरी म्हणणार होते,
चौदा वर्षांत असं काहीतरी म्हणायची सवय लागते.

हरिदासीनंच तोंड उघडलं.
"आमच्या ट्रकात कुलूप नव्हतं कोणाकडं."
"होतं. पितळेचं."
"मग ते दुसरं ट्रक."
"ट्रक एकच आलं त्या दिवशी."
आणि दोघी भांडायला लागल्या,
पितळ की लोखंड, ट्रक एक की दोन,
बाई गोरी की सावळी,
असं भांडत होत्या
की एकाच घरात दिलेल्या जावा वाटाव्या.
शेफालीनं मोबाईलचा उजेड धरला दोघींच्या मध्ये.
मी चहा गाळला. गार झाला होता, तरी प्यायलो.

निघताना हरिदासी म्हणाली,
दोन मोह आहेत अजून, तळ्यामागं.
चैतात या. सून झाडून ठेवते खालची जागा.
जंगोबाई म्हणाली, "माईत हाय. दरसाल येतो मी, अंधारात.
तुमचा कुत्रा भुकते."

अहवालात मी लिहिलं : उपस्थिती अकरा.
जनजागृती : या शब्दापुढे बराच वेळ पेन धरून बसले,
मग "समाधानकारक" लिहिलं, सगळे लिहितात तसं.
दाखले अजून आलेले नाहीत.
बाबू म्हणतो, चौथा रकाना स्पष्ट करा.

चैतात पहाटे गेले होते तिकडे, सह्या घ्यायला.
मोहाखाली दोन टोपल्या. दोघी वाकलेल्या,
एकमेकींशी एक शब्द नाही.
कुत्रा जंगोबाईच्या पायाशी निवांत पडलेला.
मला पाहून उठला आणि भुंकत सुटला.
माझ्या हातात फाईल होती, म्हणून असेल.