झारा

मनगट पुसताना तुओवीला खवले सापडले.
तीन. नखाएवढे, पारदर्शक,
जंतुनाशकाच्या तांबूस ओलीत चमकणारे.
"मासे धरत होता," ती म्हणाली. त्यातला एक
तिच्या हातमोज्याला चिकटला तो शेवटपर्यंत.

उंटो केरत्तुला, वय एकसष्ट, हाइलुओतो बेटावरचा.
गोठलेल्या समुद्रावरच्या रस्त्यानं
त्याची अ‍ॅम्ब्युलन्स ओउलूला आली.
उणे तेवीस. कळ उठली तेव्हा
बर्फात पाडलेल्या भोकापाशी बसला होता.
आधी त्यानं दोरी गुंडाळली, मग फोन केला.
अशी माणसं असतात इथं.

रंग सोडला. पडद्यावर
डावी रोहिणी नीट उतरली,
थोडी वळली
आणि संपली.
निमुळती नाही झाली, अडखळली नाही.
विळीवर धरून कापावी तशी.
पुढचा अर्धा मुलूख कोरा.

तार पलीकडे गेली, तरी वाहेना.
गुठळी कवडीदह्यासारखी घट्ट बसलेली.
मी तिसऱ्या खणाकडे पाहिलं.
मी पाहिलेलं तुओवीनं पाहिलं.

एके काळी तो खण मिटतच नसे.
येईल त्याची गुठळी आम्ही ओढायचो:
बारीक नळी, मागे सिरिंज, दट्ट्या खेचून अडकवलेला,
सगळं त्या पोकळीच्या भुकेवर.
जाळीवर लाल किडूकमिडूक पडलं की
खोलीतले सगळे खांदे खाली यायचे.
डोळ्यांना दिसतं ते खरं वाटतंच.
मग हजारो माणसं मोजली गेली,
काहींची ओढून, काहींची न ओढता,
आणि मरणाऱ्यांचा हिशेब
दोन्हीकडे जवळजवळ तोच निघाला.
ओढलेल्यांत पक्षाघात मात्र थोडे जास्त.

थोडे.
माझ्यापुरतं त्या थोड्याचं नाव ताइमी.
शाळेत गणित शिकवायची.
नळी परत घेताना एक कण निसटला
आणि वर गेला.
हृदय वाचलं. तिसऱ्या दिवशी सूप समोर ठेवून
ती चमच्याकडे बोट दाखवत राहिली.
शब्द येईना.
"ते... बुडवायचं... ते."

हे सगळं आठवायला किती वेळ लागतो?
मॉनिटरवर दोन ठोके. तिसरा वेडावाकडा.

"दे," मी म्हणाले.

सिरिंजमध्ये आधी काहीच नाही.
काहीच नाही.
मग रक्त भसकन आलं.
नळी मागे घेताना ओढ सुटू दिली नाही,
बाहेर पडेपर्यंत नाही.
हे मला ताइमीनं शिकवलंय, तिला ठाऊक नाही.
जाळीवर दोन दाणे, डाळिंबाच्या रंगाचे,
आणि शेपटीसकट एक लांबट काहीतरी.
पुन्हा रंग सोडला.
शाई उतरली, उतरत गेली,
बारीकातल्या बारीक फांदीच्या टोकाशी जाऊन थांबली.

उंटो जागाच होता.
"काय निघालं?"
तुओवीनं जाळी दाखवली. त्यानं पाहिलं,
परत पाण्यात सोडायच्या माशाकडे पाहावं तसं.
"भोक पाडलं की आधी झारा मारायचा," तो म्हणाला.
"चुरा काढल्याशिवाय गळ खाली जात नाही.
पण चुरा पुन्हा धरतोच."

मी काही बोलले नाही. स्टेंट बसवायचा होता.
नुसत्या फुग्यानंही कदाचित हेच झालं असतं.
कसं कळणार?
गुठळी न ओढलेला दुसरा उंटो
कुठल्याच बेटावर नाही
की त्याला जाऊन विचारावं, कसा आहेस.

मनगटावर पट्टा आवळला.
तुओवीनं गुडघ्यानं खण लोटला,
हातमोजे उलटे करून पिवळ्या डब्यात टाकले,
खवल्यासकट.

"शेजारच्या आर्व्होला फोन करा कुणीतरी,"
ट्रॉलीवरून उंटो म्हणाला.
"भोकं गोठली असतील एव्हाना, ती जाऊ देत.
झारा बर्फावरच राहिलाय."