नावं ठेवणारे

हर्णै बंदरावर, सोसायटीच्या पत्र्याच्या खोलीत
भोंगा माझ्याकडे असतो.
चौदा वर्षं डिझेलचा हिशेब लिहितोय,
आणि आभाळ बिघडलं की
आभाळ वाचून दाखवतो.

लिलाव संपत आला होता. बर्फाचे पैसे मोजता मोजता
जैतून सोलकर म्हणाली,
"ह्या वादळांना नावं ठेवतो तरी कोण?
आमच्यात सुनेला ठेवतात."

मी यादी काढली. तेरा देश,
पंगतीला बसावेत तसे, पानाला पान लागून.
काहींचं एकमेकांत साधं पत्र जायला
वर्ष लागतं.
'निसर्ग' बांगलादेशनं दिलेलं, मी म्हटलं.
"छान नाव. माझी कौलं नेलीन त्यानं."

मग जरा थांबून,
"आणि तिकडचे? ते पण आहेत यात?"
तिचा धाकटा मुबीन पोरबंदरच्या ट्रॉलरवर खलाशी.
पाण्यावर रेघ दिसत नाही.
दोन वर्षं झाली.
आहेत की. आपल्यानंतर इराण, मालदीव,
म्यानमार, ओमान, की लगेच ते.
"म्हणजे वादळाची खबर जाते तिकडे?"
जाते.
"मग पोराची का येत नाही?"

माझ्याकडे डिझेलचा हिशेब होता.

निसर्गाच्या आदल्या दिवशी
आंजर्ल्याच्या खाडीत होड्या एकीला एक बांधल्या होत्या,
आमच्या, पाजपंढरीच्या, आणि बुरोंडीच्याही,
ज्यांच्याशी जाळ्यावरून वर्षभर वाजलेलं,
पोलिसात गेलेलं.
कुणी ठराव केला नाही. हार-तुरे नाहीत.
एकटी होडी फुटते, एवढं सगळ्यांना ठाऊक.
दोर जरा सैल ठेवायचा,
दोघींच्या मधे जुना टायर.
टायर नसला तर शेजारीणच
शेजारणीला फोडते.

रात्रभर टायर किरकिरत होते, म्हणतात.
सकाळी माड आडवे, शाळेचं छप्पर शेतात,
होड्या मात्र होत्या.
महिन्याभरात भांडण परत सुरू झालं,
पण केस मागे घेतलेली.

आज पुन्हा कागद आलाय. नाव उच्चारायला कठीण,
कुठल्याशा दूरच्या बंदरातल्या कुणा कारकुनानं दिलेलं.
माझ्यासारखाच असेल. त्याच्याही टेबलावर
कुणी बाई पोराचं विचारत असेल.
मी भोंगा उचलला, नाव दोनदा चुकलो,
तिसऱ्यांदा नीट घेतलं.

संध्याकाळी खाडीवर गेलो तर
जैतून गुडघाभर चिखलात,
बुरोंडीवाल्यांच्या होडीचा दोर धरून
टायरसाठी ओरडत होती.