लांडग्याची तळटीप

अकराशे वर्षांपूर्वीच्या लॅटिनमधले दोन मेंढपाळ
माझ्या मंगळवार पेठेतल्या टेबलावर बसून आहेत,
एक म्हातारा, एक पोरसवदा,
गेली तीन वर्षं.
त्यांच्या डोक्यावर बीच नावाचं झाड.
ते मी कधी पाहिलेलं नाही.
भाषांतरात करंज लिहिला, खोडला, परत लिहिला.

म्हातारा म्हणतो, कुंपण ढासळलंय, लांडगा आत शिरलाय.
पोरगा म्हणतो, मग गा की.

ग्रेक्स म्हणजे कळप. ग्रेक्स म्हणजे प्रजाही.
लांडगा एका टीकाकाराच्या मते सरदार,
दुसऱ्याच्या मते राजाचा धाकटा भाऊ,
तिसऱ्यानं बावीस पानं खर्चून
त्याचा बिशप केलाय.
मेंढरांवर एकही टीप नाही.

मार्चात वडणग्याला गेले.
ऊस गेलेल्या रानात लगमाण्णा येडग्यांची बकरी बसली होती,
रानाला खत म्हणून,
रात्रीला ठरलेल्या ज्वारीवर.
मी कागद काढून मराठीत वाचून दाखवलं.
त्यांनी तंबाखू मळत ऐकलं.

"दोघंबी बसल्यात न्हवं?"
हो.
"मग बकऱ्यांकडं कोण हाय?"

मी लिहून घेतलं.

"आन् लांडगा आत आल्यावर म्हातारं एवढं लांबलचक बोलतंय?
तितं हाळी पायजे, हाळी."

म्हटलं, तो खरा लांडगा नाही हो, ते राजकारण आहे.
त्यांनी माझ्याकडं पाहिलं,
शाळा बुडवलेल्या पोरीकडं पाहावं तसं.

तेवढ्यात बांधावर रानाचे मालक आले,
कारखान्याची निवडणूक,
पांढऱ्या खिशावर पॅनेलचा बिल्ला.
लगमाण्णांनी तंबाखू दाढेला धरली, आवाज उतरवला.

"ह्यो घुंगराचा मेंढा बगा, बाई.
ह्येच्या मागनं समदी जात्यात.
डोळं गेल्यात त्येचं दोन सालामागं.
पर घुंगरू हाय न्हवं गळ्यात."

मालक हसले नाहीत.
बोट नकळत बिल्ल्यापाशी गेलं,
आणि ज्वारीचं उद्या बघू म्हणत
ते बांध उतरून गेले.

मी मेंढ्याकडं वळले.
पिवळे, आडव्या बाहुल्यांचे,
दोन्ही डोळे ठणठणीत.
माझ्या पिशवीतली केळी त्याला लांबूनच दिसली होती.

रात्री टेबलाशी बसले.
बावीस पानं खाली, पायाशी ठेवली.
म्हाताऱ्याच्या त्या लांबलचक ओळीवर बोट ठेवलं:
तो हे बोलत होता तेव्हा
बांधावर कोण येऊन उभं होतं?

समासात एवढंच लिहिलं.
करंज तसाच ठेवला.