पेन्सिल

शनिवारी दहाला एलुनेड चॅपलमागची खोली उघडते.
घडीच्या टेबलाचा एक पाय आखूड,
त्याखाली जुन्या प्रार्थनापुस्तकाचा पुठ्ठा.
वर कॉफीची पाकिटं, खडबडीत साखर, चॉकलेटच्या वड्या,
बिस्किटांच्या डब्यात गल्ला.
बत्तीस वर्षं तिनं खोऱ्यातली बस चालवली.
अजूनही टेबलाची कड धरते ती स्टिअरिंगसारखी,
आणि कोण कुठली कॉफी नेतं हे तिला
थांब्यांसारखं पाठ.

सुपरमार्केटात कॉफी साठ पेन्सनी स्वस्त.
लोक पाकीट उचलतात, उलटं करतात, खाली ठेवतात.
ती गळ घालत नाही. म्हणते,
"नांबोझो आली होती, आठवतं?"

आठवतं.
एल्गनच्या उतारावरून वेल्समध्ये, नोव्हेंबरात,
उसन्या कोटाच्या बाह्यांत बोटं बुडालेली.
म्हणाली, माझा बाप पोती घेऊन जायचा तेव्हा
काटा व्यापाऱ्याचा, पेन्सिलही व्यापाऱ्याची.
मापात पाप होतं की नव्हतं,
ते बघायलाही पुढे जाऊ देत नसत.
आता काटा आमच्या शेडमध्ये आहे.
पेन्सिल दोऱ्यानं बांधलीय,
कोणी खिशात घालून नेऊ नये म्हणून.

आम्ही हसलो. ती हसली नाही.

शेवटच्या रांगेत इदवाल होता,
बूट दाराबाहेर, पायांत नुसते मोजे.
उभा राहून म्हणाला,
"माझ्या दुधाचा भाव मला कळतो
लोकांनी ते पिऊन टाकल्यावर.
महिन्याअखेर कागद येतो, त्यावर आकडा असतो.
या टेबलावर मला जागा आहे?"

हीटर टकटकत राहिला.
पाद्रीबुवांनी केककडे पाहिलं.
कोणीतरी म्हणालं, हे वेगळं आहे,
हे टेबल लांबच्या लोकांसाठी.
नांबोझोनं मागे वळून विचारलं,
"गाई किती? काटा कोणाचा?"
"एकसष्ट," इदवाल म्हणाला. "काटा टँकरवाल्याचा."
तिनं मान हलवली, जशी ओळखीच्या
गावाचं नाव ऐकून हलवतात.

त्या हिवाळ्यात काहीच झालं नाही.
ती विमानात बसण्याआधी कोट पोस्टानं परत आला,
खिशात मूठभर हिरव्या बिया.
एलुनेड अर्ज भरत राहिली,
यंत्राचा, बाटल्यांचा, तपासनिसाचा.
मी झेरॉक्स काढून द्यायची. मधेच एकदा
इदवालनं फोनवर सांगितलं, सोडून दे बाई.
तिनं सोडलं नाही, पण आठवडाभर चिडून होती.

मार्चच्या एका शनिवारी
कॉफीशेजारी चोवीस काचेच्या बाटल्या.
एलुनेडनं कोरं कार्ड सरकवलं,
पेन्सिल दिली. "लिही."

खांद्यापर्यंत हात घालून
अडलेलं वासरू बाहेर काढणारा माणूस,
त्याचा तोच हात कार्डावर अडला.
"किती लिहू?"
"मला काय विचारतोस?"
त्यानं लिहिलं. खोडलं. कमी लिहिलं.
एलुनेडनं खोडरबर काढून घेतला,
गल्ल्याच्या डब्यात टाकून झाकण लावलं.
"चारा धर. डिझेल धर.
आणि पहाटे चारला उठतोस, ते धर."
शेवटचं त्यानं कधी धरलंच नव्हतं.
बराच वेळ तो छताकडे बघत हिशेब करत होता,
रांगेत चौघंजण थांबले होते,
एकालाही घाई नव्हती, किंवा तसं दाखवत होते.

सतरा बाटल्या गेल्या. सात उरल्या.
सुपरमार्केटचं पार्किंग त्याही दिवशी भरलेलंच होतं,
खोटं कशाला सांगू.

उरलेल्या दुधाची एलुनेडनं खीर केली,
तांदूळ घालून, वर जायफळ किसून.
तांदूळ कुठून आला, कोणाच्या काट्यावरून,
हे मी विचारणार होते.
तेवढ्यात वाटी पुढे आली,
आणि ती गरम होती.