दर्याकडं, डोंगराकडं

सातवीच्या वर्गात
उत्तरेच्या भिंतीला मी तक्ता लावते,
खिळा नाही म्हणून फळ्याच्या खुंटीला, सुतळीनं.
एकच अक्षर, तीन दातांचं, चारी बाजूंना वळलेलं,
ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी.
सहा मीटर मोजून खुर्ची.
व्हरांड्यात एकोणचाळीस चपलांचे जोड,
सगळ्यांवर तांबडी धूळ.

सुगंधा शितप.
वय? "लिवा पंचावन."
मी पुठ्ठा धरायच्या आधीच
तिनं पदराच्या टोकानं डावा डोळा झाकलेला.
"ह्यो नको बगू बाय. ह्यात फूल पडलंय."

गेल्याच्या गेल्या कार्तिकात, झोडणीला,
ती वाऱ्याच्या तोंडाशी उभी होती.
पेंढी आपटली, कुसळ उडालं.
भाताचं कुसळ ते केवढं!
शेजारणीनं जिभेच्या टोकानं काढून दिलं,
तिच्या आईनं तिचं काढलं होतं तसं.
खळं अर्धं राहिलेलं, आभाळ भरून आलेलं,
चार दिवस कुणाला वेळ होता?
मग दिराच्या मोतीबिंदूतले उरलेले थेंब.
लाली गेली, ठणका गेला,
आणि बुबुळावर पांढरं
सावकाश उमलत गेलं.

"मोहोर तरी गळतो," ती म्हणाली,
"ह्यो गळत पन नाय."

उजवा आधी.
"टोकं कुठं आहेत, मावशी?"
"दर्याकडं."
मला वाटलं चेष्टा करते.
"डावीकडे की उजवीकडे ते सांगा."
"डावाउजवा हाताचा. मी वळले का हात वळतो.
दर्या वळत नाय."

मी खिडकीबाहेर पाहिलं. सुरूची झाडं,
त्यांच्यामागे तो होता, बरोब्बर डावीकडे.
मग ती सांगत गेली, मी खुणा करत गेले:
डोंगराकडं. कौलाकडं. भुईकडं.
परत डोंगराकडं.
पाचव्या ओळीला अडली.
नाकाच्या बाजूनं वडस चढत आलाय,
गुलाबी, पातळ, पंख्यासारखा,
खाऱ्या वाऱ्याचा आणि उन्हाचा.
बुबुळाच्या काठाशी थांबलाय अजून.

मग डावा.
तक्ता नाही. बोटं नाहीत. हात हलवला, तोही नाही.
मी बॅटरी काढली.
"उजेड दिसतो?"
"हां."
"कुठून येतोय?"
ती गप्प झाली, मान किंचित वर,
रात्री बांधावर कुणाची चाहूल लागावी तशी.
"डोंगराकडनं."
मी बाजू बदलली.
"आता दर्याकडनं."
चारी वेळा बरोबर.
कागदावर लिहिलं:
उजेड कळतो. दिशा कळते.
असं असलं तर मोठ्या इस्पितळात
काही करता येतं कधीकधी.
कधीकधी, हा शब्द मी दोनदा उच्चारला.

पेटीत झोडणीचे चष्मे, वीस.
दोन गेले होते, तिसरा तिला दिला.
घालून पाहिला, हसली.
"घामानं ह्योच आंधळा व्हनार."
तेही खरंच.
तरी पदराच्या गाठीत बांधून घेतला,
तंबाखूशेजारी.

पुढचे गृहस्थ गोदीतून रिटायर झालेले,
इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन.
मी विचारून बसले:
"टोकं कुणीकडं? दर्याकडं की डोंगराकडं?"
ते माझ्याकडे बघत राहिले.
"म्हणजे, लेफ्ट की राइट?"